गोऱ्या आजीची होडी

२४ जुलै १९७३

देवळाचा कारभार बघणाऱ्या शिआ काकांनी आज तिथं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा राजेदेवांची नौका लाकडाची होणार आणि ती सिओंग करणार. सिओंग म्हणजे मी. राजेदेव गावाची इडापिडा नौकेत भरून नेतात, ती जाळली की ते निघाले; पण छत्तीस वर्षांत गावानं लाकडाची नौका जाळलेली नाही. आधी जपान्यांची बंदी, मग लढाई, मग गरिबी, आणि पुढं बांबू-कागदाचीच सवय लागली. शेवटची लाकडाची माझ्या वडिलांनी, आबांनी केली होती. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मला तिचे फक्त डोळे आठवतात, पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी रंगवलेले.

अट गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मुख्य सुताराच्या घरात सुतक आलं तर त्यानं नौकेला हात लावायचा नाही, आणि त्याचं अर्धवट काम दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. मग त्या वर्षी राजेदेव पायी जातात आणि गावाची इडापिडा गावातच राहते. शिआ काकांनी विचारलं, "घरात सगळे ठणठणीत ना?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "माझ्याकडं बघून विचारतोस होय रे? तुला पोचवल्याशिवाय मी कुठं जात नाही." लोक हसले. मीही हसलो.

पण खरं सांगायचं तर मी खुर्च्या-कपाटं करणारा माणूस. आबांची नजर गेली नसती तर मला कुणी विचारलंही नसतं. हे इथंच लिहितो, बाहेर बोलायची सोय नाही.

२७ जुलै

आज ती आली.

ओंग शेठच्या यार्डात मी कितीतरी जहाजं मोडताना पाहिलीत. तेलाची, मालाची, लढाईची. ती येतात तेव्हा कोणी मान वर करूनही बघत नाही. आज मात्र बायका चुलीवरचं तसंच टाकून धक्क्यावर आल्या. पांढरीशुभ्र, माडावर माड ठेवावेत इतकी उंच, दोन धुरांडी, आणि भर दिवसा तिचे सगळे दिवे चालू. शेकडो खिडक्या आणि प्रत्येकीत दिवा. नावावर कोणीतरी घाईत काळा रंग फासला होता, तरी अक्षरं उठून दिसत होती. ओंग शेठनं वाचून सांगितलं, एलिनोरा. माणसं घेऊन समुद्र ओलांडायची, हे एकच काम तिनं आयुष्यभर केलं. आता लोक विमानानं जातात म्हणे.

धक्क्याला लागताना तिनं तीनदा भोंगा दिला. माझ्या बरगड्या हलल्या. आजूबाजूच्या बोटी गप्प झाल्या. आबा घराच्या पायरीवर बसून होते, तिथवर आवाज गेला. घरी आलो तर पहिला प्रश्न, "केवढी आहे रे?"

मी म्हणालो, "आबा, एका ठिकाणी उभं राहून ती सगळी दिसत नाही."

आबांनी भोंग्याच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाले, "आणि असली बाई मोडायची."

२८ जुलै

आतलं लाकूड न मोडता उतरवायचं काम शेठनं मला दिलंय. त्यानंतर गॅस-कटरवाले आत शिरणार. आज पहिल्यांदा आत गेलो, बरोबर आ-तिन. हा कटरवाल्यांचा मुकादम, तोंडात सुपारीचा लाल तोबरा कायम, जीभ सुरीसारखी.

मोठ्या जिन्यापाशी आम्ही दोघंही चपला काढून उभे राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं. जिना खालून रुंद सुरू होतो, वर जाऊन दोन बाजूंना फुटतो, आणि वरच्या काचेच्या छतातून त्याच्यावर ऊन पडतं. कठड्याला एक खिळा दिसत नाही. जेवणघर आमच्या देवळाच्या अंगणाहून मोठं. टेबलांवर चादरी अजून अंथरलेल्या. आ-तिनसारखा माणूस, तोही कुजबुजत बोलायला लागला.

"सिओंग, थुंकू कुठं?"

"गिळ," मी म्हणालो.

त्यानं खरंच गिळली. पुढं मग दिवसभर उचक्या देत होता.

कामगारांनी तिचं नाव पाडलंय, गोरी आजी.

२९ जुलै

वाटोळं झालं. नौकेच्या तळाच्या कण्यासाठी आणलेला ओंडका आज चिरला. वरून दगडासारखा आणि आत वाळवीनं पोखरून भुसा केलेला. एवढ्या लांबीचं सरळ लाकूड आता डोंगरातून यायचं म्हणजे दिवाळं आणि दोन महिने. आमच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात राजेदेव येणार, ते काही माझ्या ओंडक्यासाठी थांबणार नाहीत. शिवाय उद्यापासून सातवा महिना लागतो. मेलेल्यांची दारं उघडतात त्या महिन्यात नवं काही सुरू करायचं नसतं, लाकूडतोडेही डोंगर चढत नाहीत.

शिआ काका म्हणाले, "मग कागदाचीच करू या."

आबा उठून घरात गेले. जेवले नाहीत. उकाड्यानं त्यांची भूक गेलीय असं लिएन म्हणते. लिएन माझी बायको, तिला सगळ्यांच्या भुकेचा हिशोब असतो.

१ ऑगस्ट

आबांनी हट्ट धरला, मला आजीला भेटव. त्यांना पाठुंगळी घेऊन शिडी चढलो. वाटलं होतं तितके जड लागले नाहीत.

जिन्यापाशी त्यांना उतरवलं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि पायरी पायरी वर गेले, हात न उचलता. वळणावर थांबले. "इथं दोन लाकडं जोडलीत. सांगू नकोस, मला सापडू दे." बोटांनी शोधत राहिले. सांधा मला दिसत होता, त्यांच्या बोटांना लागेना. शेवटी हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. आबांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

जेवणघरात आम्ही भिंतीच्या फळ्या उतरवून रचल्या होत्या. बोटभर जाड, पुरुषभर उंच, तांबूस लाकूड. आबांनी एकीची पुढची बाजू चाचपली, मग मागची. मागची बाजू लोखंडाला टेकलेली असते, जहाज जगेल तोवर ती कोणाला दिसायची नाही. त्यांनी तळवा वरून खाली फिरवला, पुन्हा फिरवला.

"सिओंग, ही मागूनसुद्धा रंधून काढलीय."

"हो."

"कोण बघणार होतं रे?"

मी ती फळी उचलून सरळ धरली. तेच म्हणाले, "ज्यानं केली तो माणूस कुठला, काय खायचा, काही ठाऊक नाही. पण आज भेटला मला."

जाताना शेठकडं त्यांनी सहा फळ्या मागितल्या. शेठनं दिल्या, म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं. मी विचारलं, कशाला. म्हणाले, बाक करायचाय अंगणात. बाकाला सहा कशाला, तर म्हणे मोठा करू. म्हातारपणी हाव सुटते ती अशी. घरी आल्यावर फळी जमिनीवर टाकून तिच्यावर आडवे झाले. "लांबीला बरोबर आहे."

"बाकावर झोपायचं असतं का आबा?"

"दुपारी जरा पडेन की."

४ ऑगस्ट

आज गंमत झाली, आणि गंमत नाहीही. आजीला घेऊन आलेले खलाशी परत गेले, एक इंजिनिअर तेवढा बॉयलर थंड होईपर्यंत राहिलाय. पन्नाशीचा, ग्रीक आहे म्हणतात, तांबडं नाक. दिवसभर तिच्या पोटात एकटाच फिरतो. शेठनं त्याला आमच्याबरोबर डेकवर जेवायला बसवलं. मोठा वाफवलेला मासा मधोमध. वरची बाजू खाऊन झाली तसा त्या भल्या माणसानं काटा-चमचा लावून मासा उलथा केला.

पंधरा माणसांचे घास हातातल्या हातात राहिले. समुद्राकाठी मासा कोणी उलथा करत नाही, मधला हाडाचा काटा उचलून खालचं खातात. मासा उलटला की बोट उलटते, हे आमच्याकडं दूधपित्या पोराला शिकवतात. त्याला काय माहीत. तो आमच्या तोंडांकडं बघत हसत होता. शेठनं खाणाखुणांनी समजावलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. टोपी काढून त्यानं माफी मागितली, ती माशाची की आजीची कोण जाणे.

आ-तिन म्हणाला, "झालं. आता ही कलंडणार, आणि आपण खाली."

५ ऑगस्ट

आजी कलंडली.

फार नाही, पण सकाळी शिडी वाकडी लोंबत होती आणि जेवणघरातले झुंबराचे लोलक एका बाजूला कलले होते. इंजिनिअर घसा फोडून सांगत होता की रात्री एका टाकीचं पाणी काढलं आणि दुसऱ्या बाजूचं राहिलं, दुपारपर्यंत सरळ करून देतो. त्यानं केलीही. पण ऐकतो कोण. एकही कटरवाला आत जाईना. आ-तिन सगळ्यांच्या पुढं. "शेठ, सातवा महिना आहे. आधी हिच्यावर नैवेद्य ठेवा, आत जे कोण असतील त्यांना जेवू घाला, मग गॅस-कटर पेटवू."

शेठनं कपाळाला हात लावला, पण कबूल झाला. पौर्णिमेला डेकवर पान मांडायचं ठरलं. तोवर काम बंद.

मी काम बंद असूनही आत हिंडलो. खोटं का लिहू, मला ती सोडवत नाही. वरच्या डेकवर लाईफबोटी टांगलेल्या आहेत. बहुतेक पत्र्याच्या, पण मागच्या टोकाला दोन जुन्या, लाकडाच्या. एकीखाली वाकून बघितलं. तिचा कणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध, एक गाठ नाही. आमच्या नौकेला हवा होता तेवढाच लांब. तिथंच डेकवर बसलो.

७ ऑगस्ट

शिआ काका ऐकेनात. "मेलेल्या जहाजाचं लाकूड देवाला? गोऱ्यांनी वापरलेलं? उद्या गावात रोग आला तर तू निस्तरणार?"

मी म्हणालो, "काका, ही होडी वापरलेलीच नाही. जहाज बुडालं तर माणसं वाचवायला ठेवलेली. तिच्यावर ती वेळच आली नाही."

"म्हणजे तिचा जन्म फुकट गेला. अशी आणखीच वाईट."

आबा पायरीवरून म्हणाले, "तू आणि मी भांडून काय होणार? राजेदेवांचा कौल लावू. आणि लवकर लावा. ताटकळत बसायला इथं कुणाला वेळ आहे?"

हल्ली आबांना सगळ्याची भारी घाई. मला रोज विचारतात, कधी सुरू करणार, किती दिवस लागतील. परवा मी जरा चिडलोच. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा, दुसरं काय.

१३ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

डेकवर लांबच लांब टेबलं मांडली. आख्खं डुक्कर, कोंबड्या, भात, फळं, दारू, सिगारेटी. आ-तिननं बश्या मांडताना आजीच्याच कपाटातल्या सोनेरी कडेच्या बश्या काढल्या. म्हणाला, आत गोरी भुतं असतील तर त्यांना जेवायच्या काड्यांनी खाता येणार नाही, आणि काटे-चमचेही ठेवले. कोणी हसलं नाही. इंजिनिअर कोट घालून, भांग पाडून आला आणि मागं उभा राहिला. उदबत्त्यांचा धूर धुरांड्यांपर्यंत चढत होता. माझ्या मनात आलं की या बाईच्या धुरांड्यातून आता पुन्हा धूर निघायचा नाही, हाच शेवटचा.

मग देवळातून आणलेले कौलाचे दोन लाकडी अर्धचंद्र शिआ काकांनी हातात घेतले. एक पालथा एक उताणा पडला तर होकार, तोही लागोपाठ तीनदा हवा. दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे तर देव हसतोय.

काकांनी विचारलं, "या होडीचं लाकूड आपल्या नौकेला घेतलं तर चालेल का?"

दोन्ही उताणे. पुन्हा टाकले, उताणे. तिसऱ्यांदा टाकले, तेही उताणे. लोकांत चुळबुळ सुरू झाली. नकार नाही, होकार नाही, नुसतं हसणं.

काका घाम पुसत म्हणाले, "प्रश्नच वाकडा आहे."

आबा खुर्चीवर बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर म्हणाले, "वाकडाच आहे. शेठला हिचं लोखंड हवं, सिओंगला लाकूड हवं, तुला नौका हवी. सगळे घेणारेच जमलोय. हिला काय हवं ते विचारलंय कुणी? एवढ्या लोकांना हिनं पोचवलं, हिला पोचवायला कोण आलंय?"

काकांनी अर्धचंद्र माझ्या हातात दिले. "तूच विचार. सुतार तू आहेस."

मी ते कपाळाला लावले. मी म्हणालो, "राजेदेवा, ही आजी दूरवरून इथं मरायला आली. तिला निरोप द्यायला तिचं म्हणून कोणी नाही. तिची एक होडी तुमच्या बरोबर न्याल का? म्हणजे तीही निघाली असं होईल."

एक पालथा, एक उताणा. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी एक अर्धचंद्र कडेवर गरगर फिरत राहिला आणि डेकच्या फळीत अडकून उभाच थांबतो की काय असं वाटलं. मग पडला. होकार.

शिआ काकांनी गुडघे टेकले, त्यांच्यामागं सगळ्यांनी. मी वर बघितलं तर ती दोन धुरांडी, तो पांढरा डोंगर, आणि तिच्या अंगावर हजार माणसं मुंग्यांसारखी वाकलेली. एवढ्या मोठ्या वस्तूसमोर माणसानं वाकावं हे मला आज बरोबर वाटलं. इंजिनिअरला काय झालं ते समजलं नसणार, पण तोही गुडघ्यावर होता आणि त्याचं तांबडं नाक जास्तच तांबडं झालं होतं.

१४ ऑगस्ट

लाईफबोट उतरवली. दोर सोडायला इंजिनिअर स्वतः आला, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. इंच इंच खाली. पाण्याला टेकली तेव्हा त्यानं तिच्या बाजूवर दोनदा थाप मारली, घोड्याला मारतात तशी. सामान बांधूनच आला होता, तसाच बंदराबाहेर गेला. मागं वळून बघितलं नाही.

२८ ऑगस्ट

सातवा महिना संपला. आज नौकेची पूजा होऊन काम सुरू. इतके दिवस हात बांधून बसलो होतो, आता श्वास घ्यायला फुरसत नाही. वरच्या बाजू, तीन डोलकाठ्या, देवघर, राजेदेवांचं स्वयंपाकघर, सगळं नवं करायचं. कणा आणि पोट मात्र आजीचं.

९ सप्टेंबर

आबा रोज खुर्ची टाकून मांडवात बसतात आणि माझ्या हातोडीचा आवाज ऐकतात. "तिसरी खुंटी ढिली बसली." काढून बघतो तर ढिली. राग येतो आणि दुसरी ठोकतो.

आज त्यांच्या पंच्यावर लाल डाग दिसले. या वयात सुपारी खायला लागलेत. मी आ-तिनला धरलं, "माझ्या बापाला कसली व्यसनं लावतोस?" तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्यासारख्याला पटकन उत्तर सुचू नये याचं नवल वाटलं. मग म्हणाला, "दिली बाबा एक-दोनदा. म्हातारा मागतो तर काय करू?" आबांना मी चिडवलं की दात चार उरलेत आणि ऐट बघा. आबा खूप हसले. लिएन पंचा घेऊन मोरीत गेली ती बराच वेळ धूत बसली. तिलाही सांगितलं, सुपारीचे डाग निघत नाहीत, सोड.

२२ सप्टेंबर

दुपारी धक्क्यावर गेलो. आजीचं पुढचं टोक कापून झालंय आणि ती आता समोरून उघडी आहे. खालपासून वरपर्यंत मजल्यावर मजले, खोल्यांवर खोल्या. एका खोलीला फुलांचा कागद, एकीला निळा रंग, एका भिंतीवर आरसा राहिलाय आणि त्यात आख्खं बंदर दिसतं. सगळ्यात खाली यंत्रांची काळी गुहा. मला वाटायचं मोडताना ती केविलवाणी दिसेल. नाही दिसत. पूर्वी मी तिची फक्त कातडी पाहिली होती, आता कळतं की आत काय काय वाहत होती. आ-तिन दोरावर लोंबकळत गॅस-कटर चालवत होता, ठिणग्यांचा पाऊस, आणि हा ठिपक्याएवढा. संध्याकाळी म्हणाला, "तिसऱ्या मजल्याचं लोखंड कापताना गातं." मी म्हणालो, प्यायलास. म्हणाला, "शपथ."

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. पेजेतलं रताळं तेवढं खाल्लं, बाकी ठेवलं. ऑक्टोबर लागला की उकाडा कमी होईल, मग जेवतील.

१ ऑक्टोबर

लिएनशी भांडलो. मी म्हणालो, आबांना शहरातल्या डॉक्टरकडं नेऊ, खोकला हटत नाही. ती म्हणाली, "आत्ता नको. नौका झाल्यावर." मी म्हणालो, नौकेचा काय संबंध? ती तिकडं तोंड करून म्हणाली, "आबाच म्हणालेत तसं. तुम्ही काम करा ना, लवकर करा." सगळं घर माझ्या मागं हात धुऊन लागलंय.

१० ऑक्टोबर

नौका झाली. लाल, हिरवी, सोनेरी. आज तिचे डोळे उघडले. तो मान मुख्य सुताराचा, पण मी ब्रश आबांच्या हातात दिला. शिआ काकांनी रंगाची वाटी पुढं सरकवली. मी आबांचं मनगट धरणार होतो, त्यांनी सोडवून घेतलं. डाव्या हातानं गोल चाचपला आणि उजव्या हातानं काळा ठिपका बरोबर मधोमध ठेवला. मग दुसऱ्या बाजूला. ब्रश खाली ठेवताना मात्र मी त्यांचा हात धरला. थंडगार होता.

"आता ती बघतेय," आबा म्हणाले. "अजून किती दिवस?"

"पाच."

"पाच जमतील."

१५ ऑक्टोबर

पहाटे जाळली.

किनाऱ्यावर नौका ओढत नेली, पुढं बायका वाळूत घागरीनं पाणी ओतत तिला वाट करून देत होत्या. आत तांदूळ, मीठ, सरपण, पत्त्यांचा जोड, सगळं भरलेलं. आ-तिननं आजीची एक सोनेरी कडेची बशी, काटा आणि चमचा नेऊन ठेवला. शिआ काकांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

आग आधी शिडांना लागली. मग ती एकदम सरळ उभी राहिल्यासारखी झाली, वाऱ्यावर निघाल्यासारखी. मागं काळोखात आजीचा उरलेला सांगाडा दिसत होता आणि त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून आमची आग दिसत होती. त्या सगळ्या खिडक्या पुन्हा पेटल्या होत्या. मी आबांना कानात सांगितलं, आबा, आजीचे दिवे लागलेत. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

कण्याला आग लागली की निघायचं. बोलायचं नाही आणि मागं बघायचं नाही. आबांना पाठुंगळी घेतलं. ऑगस्टात जड लागले नव्हते, आता तर काहीच लागत नव्हते, कोट पाठीवर टाकावा तसे. अर्ध्या वाटेत त्यांना खोकला आला आणि माझ्या मानेवर काहीतरी ओलं, कोमट ओघळलं. त्यांनी सुपारी खाल्लेली नव्हती. पहाटेपासून ते माझ्यापाशीच होते.

मी थांबलो. बोलायचं नसतं, तरी आबा हळूच म्हणाले, "चल रे. झालं ना सगळं?"

मी म्हणालो, "झालं आबा."

"मग आता काही अडत नाही."

आणि मी चालत राहिलो, मागं न बघता. महिनोन्‌महिने ते जीव धरून बसले होते, आणि मी त्यांच्यावर घाईबद्दल चिडत होतो.

१८ ऑक्टोबर

काल दुपारी आबा गेले. डॉक्टर पंधरा तारखेलाच आला होता. म्हणाला, हा माणूस ऑगस्टातच जायला हवा होता.

आ-तिन येऊन अंगणात बसला. म्हणाला, "मी त्यांना कधीच सुपारी दिली नव्हती." मी म्हणालो, ठाऊक आहे.

१९ ऑक्टोबर

सहा फळ्या पडवीत उभ्या होत्या. शवपेटीला बरोबर सहाच लागतात. तळ, झाकण, दोन बाजू, दोन टोकं. लांबी त्यांनी स्वतः आडवं होऊन बघितली होती.

सकाळपासून कापतोय, जोडतोय. खिळा एकही वापरला नाही. कोपऱ्यांवरचे सांधे त्या जिन्यासारखे जमले नाहीत, पण बोटाला फारसे लागत नाहीत. कापलेल्या कडा आणि नव्या खाचा रंध्यानं साफ करायच्या होत्या. बाहेरून झाल्यावर आतून सुरू केलं. आ-तिन फळी धरून बसला होता. म्हणाला, "सिओंग, आतून कशाला? कोण बघणार आहे?"

मी म्हणालो, "आबा हात फिरवून बघतात," आणि रंधा चालवत राहिलो.